ते महिने धरू नका

प्रिय भुंग्या,

तू ठरवून दिल्याप्रमाणे सोलरवाली बाई परवा सकाळी येऊन गेली. नाव सांगितलं होतं तिने, पण मी मनातल्या मनात तिला सूर्यबाई म्हणायला लागलो आणि मग खरं नाव काही डोक्यात शिरलं नाही. चटपटीत आहे. पायात बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात ती काचेची पाटी. पाणी विचारलं तर म्हणाली, "आधी गच्ची, मग पाणी." हे मला आवडलं. आमच्या कार्यालयात साहेब लोक आधी चहा घ्यायचे आणि मग जागा बघायला जायचे. म्हणून तर निम्म्या गावाच्या नळाला पाणी चढलं नाही कधी.

गच्चीवर बऱ्याच दिवसांनी इतक्या सकाळी गेलो होतो. ऊन अजून कोवळं होतं, टाकीच्या सावलीत दोन कबुतरं बसली होती, आणि समोरच्या इमारतींच्या खिडक्या एकेक करून पेटल्यासारख्या चमकत होत्या. सूर्यबाई पट्टी टाकून मापं घेत होती आणि मी तिथेच उभा राहून भलतंच बघत होतो. तुला आठवतं का, शाळेच्या पाठांतर स्पर्धेसाठी तुझी तयारी याच गच्चीवर करून घेतली होती? सूर्यावरची कविता होती. हात कुठे उंचवायचा, आवाज कुठे खाली आणायचा, सगळं मी शिकवलं होतं. दुसऱ्या कडव्याशी तू हमखास अडायचास, आणि तुझी आई टाकीच्या मागे वाळवणाच्या दोरीपाशी उभी राहून, कपडे पिळता पिळता पुढचा शब्द हळूच सोडायची. तुला वाटायचं, मला ऐकू येत नाही. स्पर्धेच्या दिवशी मात्र तू न अडखळता सगळी म्हटलीस, मास्तरांनी पाठ थोपटली, आणि मंचावरून उतरून तू धावत माझ्याकडे आलास. मला वाटलं, मिठी मारतोयस. तू विचारलंस, "बाबा, गुण किती मिळतील?" त्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. आई म्हणाली, "कवीच्या पोटी वाणी आला." मी कवी नव्हतो आणि वाणी असणं काही वाईट नाही, पण घरात ते वाक्य राहिलं. गणितं सोडवताना तू गुणगुणायचास म्हणून भुंग्या हे नाव तिनेच ठेवलं. कविता म्हणताना कधी गुणगुणला नाहीस.

असो. म्हातारा वाहवत गेला, असं म्हणशील. सूर्यबाईचा अहवाल सांगतो.

गच्ची चांगली आहे म्हणाली. दक्षिणेला मोकळी, शेजारच्या घराची सावली दुपारी उशिरा येते आणि तीसुद्धा कडेकडेने. टाकी मात्र आड येते. मी जुनी नकाशे काढायची वही आणून तिला टाकीची सावली थंडीत कुठपर्यंत जाते ते पेन्सिलीने काढून दाखवलं. हयात पाणीपुरवठ्याचे नकाशे काढण्यात गेली, तेवढं तरी यायलाच हवं. ती म्हणाली, "काका, हे आमचं ॲप करतं." मी म्हटलं, "करू दे की. मी काय त्याच्या पोटावर पाय देतोय?" हसली. मग आम्ही खाली येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसलो, ती पाणी प्यायली, आणि तिने पाटीवर आपल्या घराची जुनी विजेची बिलं उघडली. तुझ्याकडून आधीच मागवून घेतली होती म्हणे. तिथून पुढे माझी सकाळ बिघडली.

हल्लीच्या बिलांचे आलेखातले खांब बघून ती म्हणाली, "काका, तुम्ही या घरात राहता ना, का नुसते येऊन जाऊन असता?" चेष्टेत म्हणाली, पण तिचंही खरं. एक दिवा, एक पंखा, सकाळी पाणी तापवणं आणि बातम्यांपुरता टीव्ही. एवढ्यासाठी छपरावर पॅनेल लावणं म्हणजे डासाला तोफ. वापर जेवढा कमी, तेवढे पैसे फिटायला वर्षं जास्त, हे तिने मला समजावून सांगितलं. मग बोटाने मागे सरकवत सरकवत ती त्या खांबांपर्यंत पोचली. इतर सगळे बुटके आणि मध्येच ते उंच, ताठ, एकाला एक चिकटून. ती म्हणाली, "बापरे! इथे काय गिरणी टाकली होती का?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात तुझा फोन आला. तिनेच तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, दोघांनाही ऐकू यावा म्हणून. तिने तुला विचारलं की या मधल्या महिन्यांत वापर एवढा कसा, तो पुन्हा होणार असेल तर मोठी यंत्रणा बसवू, मग पैसे लवकर फिटतील. आणि तू म्हणालास, "नाही नाही, ते महिने धरू नका. ती एकदाची गोष्ट होती."

मी तिथेच बसलो होतो, भुंग्या. टेबलाच्या या बाजूला. तुझं चुकलं असं नाही. तिचा प्रश्न हिशेबाचा होता, तू उत्तर हिशेबाचं दिलंस. सूर्यबाईने बोट फिरवलं, ते खांब फिके झाले, आणि तिची सरासरी सरळ आली.

त्या महिन्यांत काय चालू होतं ते तुला माहीत आहे, पण तू ते नीट ऐकलेलं नाहीस. तुझ्या आईचं ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र चालायचं. पलंगाच्या उशाशी, चाकांवर, लहान कपाटाएवढं. आधी एक आखूड टक्, मग दोन लांब उसासे. पहिल्याच दिवशी ती डोळे मिटून ऐकत राहिली आणि म्हणाली, "अहो, हे तर भुजंगप्रयातात श्वास घेतंय." खरंच होतं ते. लघु, गुरु, गुरु. मग आमचा खेळच झाला. शाळेत पाठ केलेल्या त्या वृत्तातल्या कविता ती मशीनच्या ठेक्यावर म्हणायची. अर्ध्या चरणात तिचा श्वास संपायचा, उरलेला अर्धा मी म्हणायचो. चाळीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढ्या कविता कधी म्हटल्या नव्हत्या. तुला वाटत असेल, बाबा त्या महिन्यांविषयी बोलत नाहीत कारण ते फार वाईट होते. तसं नाही रे. ते वाईटही होते आणि आमचेही होते.

वाईट होती ती वीज. दुपारी जायची, कधी थोडा वेळ, कधी लांबलचक. पंख्याचं पातं मंदावलं की ती बोलता बोलता थांबायची. दिवा नुसता लुकलुकला तरी तिची नजर मशीनवरच्या हिरव्या ठिपक्याकडे जायची. राखीव सिलिंडर होता, तू म्हणालास तसा आणून ठेवला होता, पण तो किती वेळ पुरेल याची तिला खात्री नसायची आणि मी खात्री दिली तरी तिला ती वाटायची नाही. मग आमची वरात निघायची. सिलिंडर तिच्या मांडीवर, ती चाकाच्या खुर्चीत, मी एका हाताने खुर्ची आणि दुसऱ्याने मशीन ओढत, रस्ता ओलांडून समोरच्या दातांच्या डॉक्टरकडे. त्याच्याकडे जनरेटर आहे. भला माणूस. त्याने एक कोपराच आम्हाला देऊन टाकला होता. तिथे गाल सुजलेली माणसं ओळीने बसलेली असायची आणि मध्ये आमचं मशीन उसासे टाकायचं. एकदा तुझी आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "सगळ्यांची तोंडं दुखतायत म्हणून बंद. माझंच एकटीचं चालू." मला इतकं हसू आलं की डॉक्टरने आतून डोकं काढून बघितलं.

तिथेच एकदा कोपऱ्यावरचा बंगलेवाला कॅशियर घाम पुसत आला. त्याच्या छपरावर ते पॅनेल कधीचे आहेत, तुला दाखवले होते. मी विचारलं, तुम्ही कसे इथे? तुमच्याकडे तर सूर्याचा कारखाना. तर म्हणाला, "कसला कारखाना! डोक्यावर ऊन भाजतंय आणि घरात पंखा बंद." लाइन गेली की त्याचे पॅनेलही आपोआप बंद होतात. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून तसंच बनवतात, हे त्याला लावून झाल्यावर कळलं. वीज गेल्यावर उजेड हवा असेल तर बॅटरी वेगळी लावावी लागते आणि ती महाग. कॅशियरने खर्च वाचवायला बॅटरी गाळली होती. बिचारा दंतवैद्याकडे वारा खायला आला होता.

त्याच संध्याकाळी मी तुला फोन केला होता. आठवत असेल. मी म्हटलं, पॅनेल लावू या, बॅटरीवाले. तू कामात असूनही नीट ऐकून घेतलंस, खोटं कशाला सांगू. रात्री उलट फोन करून सगळं समजावलंस. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, आपला नेहमीचा वापर कमी, पैसे कधीच वसूल होत नाहीत. "बाबा, भावनेच्या भरात नका ठरवू. त्यापेक्षा अजून एक सिलिंडर घेऊन ठेवा." मी तुझ्या आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. आपल्यासाठी कशाला एवढं." मशीन चालूच होतं. लघु, गुरु, गुरु. त्या रात्री त्या ठेक्यावर तिने कविता धरली नाही.

मी नकाशे काढायचो तेव्हा एक नियम होता. जमिनीवरचं जे दिसतं ते सलग रेषेने काढायचं, आणि जमिनीखालची नळवाट, जी दिसत नाही पण आहे, ती तुटक रेषेने. तुटक रेष विसरली की पुढे कोणीतरी तिथे कुदळ मारतो. तुझ्या त्या हिशेबात एकही तुटक रेष नव्हती. दुपारी पंखा मंदावल्यावर तुझ्या आईच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते कुठे काढायचं होतं, हे मलाही तेव्हा सांगता आलं नाही. तू त्या काळात येऊन गेलास, दोन दिवस राहिलास, आईला औषधं दिलीस, केस विंचरून दिलेस. पण त्या दोन दिवसांत वीज नेमकी गेली नाही. जणू पाहुणा आलाय म्हणून शहाण्यासारखी वागली.

वीज जाऊन तुझी आई गेली असती, तर मला तुझ्यावर खापर फोडता आलं असतं. तसं झालं नाही. सकाळ होती, दिवा चालू होता, पंखा चालू होता, मशीन आपल्या ठेक्यात चाललं होतं. तीच थांबली. मी पुढचा अर्धा चरण म्हटला, आणि मग माझ्या लक्षात आलं. तेव्हा तू गुन्हेगार नाहीस. मी तुला तसं कधी समजलोही नाही. फक्त तिचे शेवटचे महिने ती मृत्यूला न घाबरता वायरमनला घाबरत जगली, आणि तेवढी एक भीती आपल्याला तिच्या अंगावरून काढता आली असती. ते वसूल होत नव्हतं, म्हणून काढली नाही.

आता मला सांग, त्याच छपरावर, त्याच उन्हात, वापर तर तेव्हापेक्षा कितीतरी कमी, मग आज तुला पॅनेल परवडतात कसे? मी भोळा, मला वाटलं म्हातारपणी बापाचं बिल कमी व्हावं म्हणून पोरगा धडपडतोय. शेजारणीला कौतुकाने सांगूनही बसलो. खुलासा सूर्यबाईने केला, बिचारीला वाटलं मला माहीत आहे. मी बॅटरीचं विचारलं तर म्हणाली, "बॅटरीची गरज नाही काका. सरांना फक्त घर दाखवायला काढायच्या आधी पॅनेल लागलेले हवेत. छपरावर सोलर असलं की किंमत चांगली येते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिने पाटी उगीचच पुसायला घेतली.

तुझं घर लहान नाही, मला माहीत आहे. सूनबाईने तिकडची मागची खोली रंगवून घेतली, तेही सूनबाईनेच मागे फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, छान. रंग कोणता, हेसुद्धा विचारलं होतं. कोणासाठी, हे विचारायचं मला सुचलं नाही. घर विकण्यात गैर काय आहे? माझ्यानंतर ते तुझंच आहे. पण तू आधी छप्पर मोजायला माणूस पाठवलास आणि मला विचारायचं मागाहून ठेवलंस. उलटं केलं असतंस, तर कदाचित मी मान हलवली असती. मला तुझ्याकडे राहायचा राग नव्हता रे. मला पॅनेलच्या आधी यादीत यायचं होतं, एवढंच.

म्हणून मी काय केलं ते ऐक, आणि ओरडू नकोस. काल सूर्यबाईला परत बोलावलं. बॅटरीवालं, लाइन गेली तरी चालणारं, ते मागितलं. माझ्या निवृत्तीच्या साठवणीतून. तिने खरं तर मान डोलवून सही घ्यायला हवी होती, तिचा त्यात फायदाच. पण ती म्हणाली, "काका, विकणारी असून सांगते, तुमच्या वापराला हे कधीच वसूल व्हायचं नाही. घरच्यांशी बोला एकदा." मी म्हटलं, "बाई, घरच्यांशीच बोलणं झालंय, तीन वर्षांपूर्वी." मग तिने सही घेतली. पुढच्या आठवड्यात माणसं येतील, सांगाडा उभा करतील. टाकी थोडी सरकवायची आहे. घर इतक्यात दाखवायला काढता येणार नाही. तशी जाहिरात दिली असशील तर मागे घे. घर माझ्या नावावर आहे, याची तुला आठवण करून द्यायची वेळ यावी, याचं मला वाईट वाटतं. पण करून देतो.

तुझे फोन येतायत, मी उचलत नाहीये, म्हणून तू शेजारणीला फोन केलास, तेही कळलं. रागाने उचलत नाही असं नाही. हे सगळं फोनवर सांगायला गेलो असतो तर प्रत्येक वाक्याला थांबावं लागलं असतं आणि तुला ऐकू आलं असतं. हे पत्रसुद्धा तीन बैठकांत लिहिलं, हात चालतो, दम पुरत नाही. जिने चढणं बंद सांगितलंय. परवाची गच्ची ही शेवटची. छातीच्या डॉक्टरांनी मलाही तेच मशीन लिहून दिलं आहे, आईच्या मानाने नवीन आणि कमी आवाजाचं. सोमवारी येईल. तू हे वाचून धावत येशील, मला माहीत आहे, तू वाईट मुलगा नाहीस. ये. पण जमलं नाही, काम निघालं, तर जिवाला लावून घेऊ नकोस. वीज गेली तरी आणि तू आला नाहीस तरी मशीन चालू राहील, एवढी व्यवस्था मी केली आहे.

तुझाच,
बाबा